जुन्या संगणकाची फ्लॉपी ड्राइव्ह : स्क्रूला हात लावण्याआधी

गोव्यात माळ्यावरून खाली उतरणारे जुने घरगुती संगणक बहुधा बाहेरून आलेले असतात. कुवेत-बहारीनला नोकरी केलेल्या काकांचा कमोडोर ६४, बोटीवर असलेल्या मामांनी आणलेला अमिगा, इंग्लंडला गेलेल्या आतेभावाने मागे ठेवलेला ॲमस्ट्रॅड. एखाद्या शाळेच्या अडगळीतून बीबीसी मायक्रोही निघू शकतो, कारण १९८४-८५ पासून केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात देशातल्या निवडक शाळांना हेच यंत्र दिले गेले होते. संगणक चालू होतो, पडद्यावर अक्षरे उमटतात, कीबोर्डही बरा असतो. फ्लॉपी तेवढी वाचत नाही. मग घरातले कोणीतरी निकाल देऊन टाकते : ड्राइव्ह झिजली, टाकून द्या.

हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये खरोखर झिजण्यासारखे भाग मोजकेच असतात : हेड (फ्लॉपी वाचणारा-लिहिणारा भाग), हेडसमोरचा फेल्टचा तुकडा, फ्लॉपीला मधोमध पकडणारा प्लास्टिकचा शंकू आणि मोटरची बेअरिंग. बाकीच्या तक्रारी वाळलेल्या ग्रीसच्या, वितळलेल्या पट्ट्याच्या, हेडवर चढलेल्या बुरशीच्या आणि काळ्या पडलेल्या कनेक्टरच्या असतात. आपल्याकडचा पाऊस, खारा वारा आणि चिऱ्याची लाल धूळ यांनी केलेले हे नुकसान घरच्या टेबलावर बसून दुरुस्त होते.

अट एकच, क्रम पाळायचा. जे काम उलटवता येते ते आधी, ज्याला परतीची वाट नाही ते शेवटी. नवशिके नेमके उलटे करतात. कुठलासा व्हिडिओ पाहून पहिल्याच संध्याकाळी हेड सरकवणाऱ्या मोटरचे स्क्रू सैल करतात आणि नुसती मळलेली ड्राइव्ह खरोखरची बिघडवून ठेवतात.

तुमच्यासमोर कोणती ड्राइव्ह आहे?

कमोडोर १५४१ ही सव्वापाच इंची, एकाच बाजूने वाचणारी, ३५ ट्रॅकची ड्राइव्ह. ट्रॅक म्हणजे चकतीवर माहिती लिहिली जाते ते एकेक वर्तुळ. एका फ्लॉपीवर सुमारे १७० केबी मावतात. तिच्या आत स्वतंत्र ६५०२ प्रोसेसर आहे, म्हणजे ही ड्राइव्ह स्वतःच एक लहानसा संगणक. पहिल्या मॉडेलात ट्रान्सफॉर्मरही आतच असतो, त्यामुळे ती भरपूर तापते. ॲपलची डिस्क टू १९७८ ची, तिचेही ३५ ट्रॅक, पण क्षमता १४० केबी. या दोन्ही ड्राइव्ह पट्ट्यावर फिरतात. १५४१ च्या काही नंतरच्या आवृत्त्यांत मात्र मोटर थेट स्पिंडलला, म्हणजे फ्लॉपी फिरवणाऱ्या दांड्याला असते.

ॲमस्ट्रॅड सीपीसी ६१२८ आणि स्पेक्ट्रम प्लस थ्री यांत तीन इंची ड्राइव्ह आहे. साडेतीन नव्हे, तीन. जाड, कडक कवचाची ही फ्लॉपी आज दुर्मीळ आहे, आणि तिच्या ड्राइव्हचा एकच आजार जगप्रसिद्ध आहे : पट्टा. अमिगा ५०० आणि अटारी एसटी यांच्या साडेतीन इंची ड्राइव्हमध्ये पट्टा नसतो. अमिगा एका फ्लॉपीवर ८८० केबी लिहितो, अटारी दुहेरी ड्राइव्हवर ७२० केबी. बीबीसी मायक्रोला ड्राइव्ह बाहेरून, ३४ पिनांच्या पट्टीकेबलने जोडतात.

जोडणीबद्दल दोन गोष्टी आत्ताच डोक्यात ठेवा. डिस्क टूची केबल संगणकातल्या कार्डावर एक पिन सरकून बसली तर ड्राइव्हमधली ७४एलएस१२५ ही चिप जाते. कोणतीही केबल यंत्र चालू असताना काढू वा लावू नका. आणि ॲमस्ट्रॅडच्या तीन इंची ड्राइव्हच्या वीजजोडणीत ५ आणि १२ व्होल्टच्या तारा नेहमीच्या ड्राइव्हच्या उलट क्रमाने असतात. तिथे साडेतीन इंची ड्राइव्ह तशीच लावलीत तर ती क्षणात जळेल.

वीज देण्याआधी

माळ्यावरून काढलेले यंत्र त्याच दिवशी प्लगला लावू नका. जून ते सप्टेंबर या दिवसांत तर मुळीच नाही. झाकण उघडा, दोन-चार दिवस पंख्याखाली कोरड्या खोलीत राहू द्या. उघडल्यावर आत काय काय निघेल सांगता येत नाही. पालीची अंडी, मुंग्यांनी आणून ठेवलेली माती, झुरळांची घाण, हे सगळे गोव्यातल्या यंत्रांत नेहमीचे. मऊ ब्रश आणि हवेचा रबरी फुगा पुरे. व्हॅक्यूम क्लीनरची नळी सर्किटला टेकवू नका.

मग मागची पट्टी वाचा. अमेरिकेतून आलेले यंत्र ११० ते १२० व्होल्टचे असणार. सौदीतही पूर्वी १२७ व्होल्टची वीज होती, त्यामुळे तिथून आलेल्या वस्तूंबाबतही गाफील राहू नका. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये असे यंत्र घातले की पुढचा सगळा लेख वाचायची गरज उरत नाही.

कमोडोर ६४ चा वीटेसारखा पॉवर सप्लाय हा वेगळाच शत्रू. तो म्हातारा झाला की ५ व्होल्टच्या जागी त्याहून जास्त देऊ लागतो आणि संगणकातल्या मेमरी चिप्स मरतात. मल्टिमीटर लावून बघा, ४.७५ ते ५.२५ च्या बाहेर आकडा दिसला तर तो सप्लाय बाजूला. आकडा बरोबर आला तरी त्याच्यावर फार दिवस विसंबू नये, असे माझे मत आहे. नवा, संरक्षण असलेला सप्लाय घेणे स्वस्त पडते. बीबीसी मायक्रोच्या सप्लायमध्ये रिफा कंपनीचे पिवळसर पारदर्शक कवचाचे फिल्टर कपॅसिटर असतात. त्यांच्या कवचाला बारीक तडे जातात, आत दमट हवा शिरते आणि चालू केल्यावर काही मिनिटांत खोलीभर घाण वासाचा धूर होतो. ते आधी बदलून घ्या. मेन्सच्या, म्हणजे प्लगमधून येणाऱ्या २३० व्होल्टच्या बाजूचे काम तुम्हाला येत नसेल तर ओळखीच्या इलेक्ट्रॉनिक्स कारागिराकडून करून घ्या. १५४१ चे झाकण उघडून चाचणी करताना आतल्या मेन्सच्या जोडण्या उघड्या असतात हेही विसरू नका. एक हात खिशात ठेवून काम करण्याची जुनी सवय इथे चांगली.

सामान

९९ टक्के शुद्धतेचा आयसोप्रोपिल अल्कोहोल ही मुख्य वस्तू. औषधाच्या दुकानातले सर्जिकल स्पिरिट नको. त्यात पाणी असते, कधी इतर पदार्थ मिसळलेले असतात आणि ते हेडवर थर सोडतात. फेणी चालेल का, असे हसत हसत विचारणारा प्रत्येक गावात एक असतोच. नाही चालत. फेणीत निम्म्याहून अधिक पाणी असते, आणि शिवाय ती वाया जाते.

याखेरीज घट्ट वळलेल्या कापसाच्या कानकाड्या, बारीक चिमटा, चांगल्या टोकाचे फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, शिलाई मशीनचे तेल, थोडे पांढरे लिथियम ग्रीस आणि मल्टिमीटर. खोबरेल तेल नको, काही महिन्यांत ते चिकट होऊन सगळे जाम करते. गंज सोडवण्यासाठी मिळणारे फवारे नको, ते वंगण म्हणून टिकत नाहीत आणि उडून हेडपर्यंत जातात. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढत जा, स्क्रू कुठला कुठे होता ते नंतर आठवत नाही.

दोन फ्लॉप्याही लागतील : एक कारखान्यात छापलेली मूळ फ्लॉपी, म्हणजे विकत मिळालेला गेम किंवा प्रोग्रॅम, आणि एक कोरी. घरातल्या मौल्यवान फ्लॉप्या अजून डब्यातच राहू देत.

लक्षण ओळखा

दिवा लागतो पण फ्लॉपी फिरत नाही, किंवा फिरल्यासारखी करून थांबते, म्हणजे पट्टा गेला किंवा स्पिंडल जाम आहे. फ्लॉपी फिरते, हेड हलते, पण काहीच वाचले जात नाही, तर हेड मळले आहे. वाचते पण लिहीत नाही, तर लेखनबंदीचा सेन्सर तपासा. थंड असताना चालते, अर्ध्या तासाने चुका देते, तर उष्णतेने एखादी चिप किंवा वेग बिघडतो आहे.

सगळ्यात महत्त्वाचे लक्षण असे : या ड्राइव्हवर फॉरमॅट केलेली फ्लॉपी हीच ड्राइव्ह छान वाचते, पण बाहेरून आलेली एकही वाचत नाही, आणि हिची फ्लॉपी दुसरी ड्राइव्ह वाचत नाही. असे असेल तरच हेडची जागा सरकल्याचा संशय घ्यायचा. हे लक्षण नसेल तर हेड सरकवणाऱ्या मोटरच्या स्क्रूकडे पाहूसुद्धा नका.

एक आवाज मात्र दुखणे नव्हे. डिस्क टू आणि मूळ १५४१ यांत पहिला ट्रॅक ओळखणारा सेन्सर नाही. हेड त्या ट्रॅकवर आले हे कळावे म्हणून ड्राइव्ह ते अडणीवर नेऊन आदळते. सुरुवातीचा तो खडखडाट ऐकून घाबरून प्लग काढणारे पुष्कळ. तसे बनवलेलेच आहे ते.

हेडची सफाई

दहापैकी निम्म्या ड्राइव्ह इथेच बऱ्या होतात, म्हणून इथे सावकाश काम करा.

ड्राइव्ह पेटीतून बाहेर काढा, वरची सर्किट पट्टी असेल तर तिचे कनेक्टर फोटो काढून मोकळे करा आणि ती अलगद बाजूला घ्या. एकाच बाजूच्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे १५४१ किंवा डिस्क टूमध्ये, हेड खाली असते आणि वरून एक यांत्रिक हात त्यावर फेल्टचा लहान तुकडा दाबतो. हा वरचा हात थोडा उचलला की खाली चकचकीत हेड दिसते, मधोमध बारीक रेघ असलेले. कानकाडी अल्कोहोलमध्ये बुडवा, निथळू द्या आणि हेडवरून हलकेच फिरवा. काडी तपकिरी होईल. तो फ्लॉप्यांवरून निघालेला लोखंडी ऑक्साइड. नवी काडी घ्या. काडी पांढरी निघेपर्यंत हे चालू ठेवा. घासू नका, जोर लावू नका. हट्टी डाग असेल तर ओली काडी मिनिटभर नुसती टेकवून ठेवा.

मग फेल्टकडे बघा. तो काळा, कडक आणि चकचकीत झाला असेल तर प्रत्येक फ्लॉपीला ओरखडे काढेल. चिमट्याने सुटा करा, जुना गोंद काढा आणि तेवढ्याच जाडीच्या दाट फेल्टचा तेवढाच तुकडा अगदी थोड्या गोंदाने चिकटवा. जाडी कमी पडली तर दाब कमी, जास्त झाली तर चकती ओढून फिरेल. खरी झीज म्हणतात ती ही, आणि तिचा इलाज काही रुपयांचा.

दोन्ही बाजूंच्या ड्राइव्हमध्ये फेल्टच्या जागी दुसरे हेड असते. साडेतीन इंची ड्राइव्हचे वरचे हेड पातळ पत्र्याच्या स्प्रिंगवर टांगलेले असते. ते दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त उचलू नका. स्प्रिंग एकदा वाकली की हेड फ्लॉपीवर सपाट बसत नाही आणि ते हाताने सरळ करता येत नाही. काडी आडवी घालून, वरचे हेड जास्त न उचलता पुसायचे. फ्लॉपी घातल्याशिवाय दोन्ही हेडे एकमेकांवर आपटू देऊ नका.

बाजारात मिळणाऱ्या सफाईच्या फ्लॉप्या मला आवडत नाहीत. बुरशीचा थर त्या काढत नाहीत, नुसता पसरवतात. शिवाय एकाच बाजूच्या ड्राइव्हमध्ये त्या वरचा फेल्ट भिजवून फुगवतात.

सफाईनंतर पाचेक मिनिटे वाळू द्या. मग मूळ फ्लॉपी घालून बघा. चालली तरी थांबू नका, पुढचे वंगण करायचेच आहे.

रूळ, ग्रीस आणि तेल

हेड दोन गुळगुळीत लोखंडी दांड्यांवर मागेपुढे सरकते. तीस-चाळीस वर्षांत कारखान्यातले ग्रीस मेणासारखे घट्ट होते, वर लाल धूळ चिकटते आणि हेड अडखळते. मोटर तर पावले मोजून देते. हेड मध्येच अडकले की ड्राइव्हला वाटते आपण २० व्या ट्रॅकवर आहोत, आणि हेड असते १९ व्यावर. सव्वापाच इंची, ४८ टीपीआय (इंचाला ४८ ट्रॅक) ड्राइव्हमध्ये दोन ट्रॅकमधले अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर, साडेतीन इंचीत त्याच्याही निम्म्याहून कमी.

वीज बंद असताना हेडचा गाडा बोटाने हळू सरकवून बघा. तो एकसारख्या हलक्या विरोधाने सरकला पाहिजे. अडखळत असेल तर दांड्या अल्कोहोलने पूर्ण पुसा, जुने ग्रीस कानाकोपऱ्यातून काढा आणि मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन दांडीवर फिरवा. थेंब म्हणजे खरोखर थेंब. वाहणारे तेल चकतीवर गेले की पुन्हा हेडसफाईपासून सुरुवात. साडेतीन इंची ड्राइव्हमध्ये मोटरच्या टोकाला आटे असलेला स्क्रू असतो, त्या आट्यांना पांढऱ्या ग्रीसचा पातळ लेप. फ्लॉपी बाहेर ढकलणाऱ्या सरकपट्टीलाही तसेच. ती अर्ध्यावर अडकली तर फ्लॉपीच्या झाकणीत वरचे हेड अडकून उपटले जाण्याचा धोका असतो. अशा वेळी फ्लॉपी जोराने ओढू नका, ड्राइव्ह उघडूनच सोडवा.

समुद्राजवळच्या घरांतल्या दांड्यांवर कधी गंजाचे ठिपके दिसतात. सँडपेपर नको. तेलात भिजवलेल्या कापडाने चिकाटीने घासा. ठिपका खोल गेला असेल तर ती दांडी दुसऱ्या मेलेल्या ड्राइव्हमधून घ्यावी लागेल.

पट्टा

ॲमस्ट्रॅडवाल्यांनी इथे खुर्ची ओढून बसावे. तीन इंची ड्राइव्हचा रबरी पट्टा दोन प्रकारे मरतो : सैल पडतो किंवा डांबरासारखा वितळून चाकांना चिकटतो. आपल्या उकाड्यात दुसरा प्रकार जास्त. वितळलेला पट्टा हातमोजे घालून चिमट्याने काढा आणि दोन्ही चाके अल्कोहोलने स्वच्छ करा. काळा डाग जरासुद्धा राहिला तर नवा पट्टा त्या जागी उडी मारतो आणि वेग हलतो.

मूळ पट्टा शाबूत नसेल तर मापासाठी दोरा घ्या. तो दोन्ही चाकांभोवती पट्ट्याच्या मार्गाने ताणून गुंडाळा, लांबी मोजा आणि त्याहून पाच-सात टक्के कमी घेराचा पट्टा निवडा. रुंदी चाकावरच्या खाचेवरून कळते. हा पट्टा चपटा असतो. टेपरेकॉर्डरमधला चौकोनी किंवा गोल पट्टा तात्पुरता बसतोही, पण फ्लॉपी नीट वाचत नाही. गावात टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा जुना कारागीर असेल तर त्याच्या डब्यात चपटे पट्टेही असतात, आणि तो माप डोळ्यांनी सांगतो. नाहीतर यंत्राचे नाव देऊन ऑनलाइन मागवा. दोन घ्या. घरातला रबर बँड लावून बघण्याचा मोह होईल, तो वेग इतका हलवतो की ड्राइव्ह खरी बरी झाली की नाही हेच कळत नाही.

१५४१ आणि डिस्क टू यांचे पट्टे वेगळ्या जातीचे असतात आणि बरेचदा अजून चांगले निघतात. ते काढून अल्कोहोलने पुसले, चाके पुसली, की काम भागते.

वेग

या सगळ्या ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे घेतात, म्हणजे एक फेरा २०० मिलिसेकंदांचा. पट्ट्याच्या सव्वापाच इंची ड्राइव्हमध्ये वेग तपासायची एक सुंदर सोय कारखान्यानेच करून ठेवली आहे. ड्राइव्ह उलटी करा, खालच्या मोठ्या चाकावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची दोन वर्तुळे छापलेली दिसतील, एक ५० हर्ट्झचे, दुसरे ६० चे. आपल्या विजेला ५० चे वर्तुळ. मेन्सवर चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि चाक सेकंदाला ५ फेरे घेते, म्हणून त्या वर्तुळात २० पट्ट्या असतात. वेग अचूक असेल तर फिरणाऱ्या पट्ट्या जागच्या जागी स्थिर उभ्या दिसतात. चाकाच्या दिशेने पुढे सरकत राहिल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी.

अडचण दिव्याची आहे. आताचे बरेच एलईडी दिवे लुकलुकत नाहीत, त्यांच्या उजेडात पट्ट्या नुसत्या धूसर दिसतात. जुन्या चोकची ट्यूबलाइट लागते. तीही नसेल तर मेन्सवर चालणारा लहान निऑन दिवा, स्विचबोर्डावर असतो तसला, अंधाऱ्या खोलीत चाकाजवळ धरा. इन्व्हर्टर चालू असताना हे मोजमाप करू नका, त्याची वारंवारता ५० वर असेलच असे नाही. पावसाळ्यात वीज जाऊन-येऊन असते, तेव्हा हे ध्यानात ठेवा.

फ्लॉपी आत घालून मोजा, रिकामी ड्राइव्ह वेगळी फिरते. मोटरच्या छोट्या पट्टीवर वेग ठरवणारा लहान पेच असतो. तो केसभर फिरवा, थांबा, बघा. २९८ ते ३०२ मध्ये आला की पुरे.

साडेतीन इंची किंवा बीबीसीची ३४ पिनांची ड्राइव्ह असेल तर दुसरा मार्ग आहे. ग्रीसवीझल नावाचे छोटे कार्ड यूएसबीने आताच्या लॅपटॉपला आणि केबलने ड्राइव्हला जोडतात. ते वेग थेट आकड्यात सांगते, कोणता ट्रॅक वाचला जातो आणि कोणता नाही याचा नकाशा दाखवते आणि फ्लॉपीची प्रतिमाही, म्हणजे तिच्यावरच्या सगळ्या माहितीची हुबेहूब प्रतही काढते. तुम्ही एकाहून जास्त यंत्रे हाताळणार असाल तर सगळ्यात आधी विकत घ्यायची वस्तू हीच.

सेन्सर आणि बाकीचे

लेखनबंदीचा सेन्सर म्हणजे बहुधा समोरासमोर बसलेले एक एलईडी आणि एक प्रकाशसेन्सर, काही ड्राइव्हमध्ये लहान स्विच. फुग्याने हवा मारा, कोरड्या काडीने पुसा. लक्षात ठेवा, सव्वापाच इंची फ्लॉपीची खाच झाकली की लेखन बंद, साडेतीन इंचीचे भोक उघडे ठेवले की लेखन बंद. ड्राइव्ह खराब समजून उघडण्याआधी एवढे बघितलेले बरे.

कनेक्टरच्या पिना काळ्या पडल्या असतील तर अल्कोहोल लावून केबल दोन-चार वेळा काढून घाला. १९९० च्या आसपासच्या काही साडेतीन इंची ड्राइव्हमध्ये पट्टीवर चिकटवलेले छोटे कपॅसिटर गळतात. माशासारखा वास आणि हिरवट डाग ही खूण. ते बदलायला बारीक सोल्डरिंगचा हात लागतो.

आता तो स्क्रू

सफाई झाली, वंगण झाले, वेग बरोबर आहे, आणि तरीही मघाचे ते लक्षण कायम आहे, स्वतःची फ्लॉपी वाचते आणि परक्या वाचत नाही. तेव्हाच पुढे जा. १५४१ मध्ये हे खरोखर घडते. कॉपी रोखण्यासाठी काही गेम मुद्दाम चुका पेरत, प्रत्येक चुकीला ड्राइव्ह हेड अडणीवर आपटे, आणि मोटरच्या दांड्यावर दाबून बसवलेले चाक हळूहळू सरके.

आधी खूण करा. हेड सरकवणाऱ्या मोटरच्या कडेपासून सांगाड्यापर्यंत सुईने एक बारीक रेघ ओढा, म्हणजे परतता येईल. कारखान्यात छापलेली मूळ फ्लॉपी घाला. घरी कॉपी केलेली चालणार नाही, कारण ती कोणत्या सरकलेल्या ड्राइव्हने लिहिली हे ठाऊक नसते. मोटरचे दोन स्क्रू जेमतेम सैल करा, मोटर बोटाने फिरेल पण स्वतःहून हलणार नाही इतकेच. मग १८ वा ट्रॅक पुन्हा पुन्हा वाचायला लावा, कमोडोरची सूची त्याच ट्रॅकवर असते. मोटर एका दिशेला किंचित फिरवत न्या, चुका सुरू होतात ती जागा लक्षात ठेवा. उलट दिशेला तसेच करा. दोन्हींच्या बरोबर मध्ये आणा. आता १ ला आणि ३५ वा ट्रॅक तपासा. घट्ट करताना मोटर थोडी हलते, म्हणून स्क्रू आळीपाळीने आवळा आणि शेवटी पुन्हा वाचून बघा.

ऑसिलोस्कोप आणि खास फ्लॉपी वापरून हे अधिक अचूक होते, पण घरच्या कामाला मूळ फ्लॉपीची पद्धत पुरते. साडेतीन इंची ड्राइव्हमध्ये मात्र मी हा खटाटोप करू नका असेच सांगेन. ट्रॅक फार जवळ असतात, दोन्ही हेडे एकमेकांशी जुळावी लागतात. दुसरी ड्राइव्ह मिळवणे सोपे. फक्त अमिगाला पीसीची ड्राइव्ह थेट चालत नाही, तिचे दोन संकेत आणि ओळखजोडणी बदलावी लागते.

हेड मेले असेल तर

१५४१ च्या न्यूट्रॉनिक्स बनावटीच्या, फिरत्या दांडीने बंद होणाऱ्या ड्राइव्हमध्ये हेडची बारीक तार आतून तुटण्याचा दोष प्रसिद्ध आहे. हेडचा कनेक्टर काढून मल्टिमीटरने त्याच्या तारांमधला रोध मोजा. एखादी जोडी पूर्ण उघडी दाखवत असेल तर सफाईचा उपयोग नाही. त्याच जातीची दुसरी ड्राइव्ह शोधा, किंवा कमोडोरला एसडीटूआयईसी आणि अमिगा-अटारी-ॲमस्ट्रॅडला गोटेक लावा. फ्लॉपीच्या जागी मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्हवरून संगणक चालतो. रोजच्या वापराला गोटेक उत्तम, पण म्हणून जुनी ड्राइव्ह फेकू नका. जुन्या फ्लॉप्या गोटेक वाचत नाही.

बुरशी लागलेल्या फ्लॉप्या

स्वच्छ केलेल्या ड्राइव्हमध्ये पहिलीच फ्लॉपी बुरशीची घातली तर सगळी मेहनत एका फेऱ्यात पाण्यात. म्हणून प्रत्येक फ्लॉपी आधी उजेडात तिरकी धरून बघा. कवचाच्या खिडकीतून दिसणाऱ्या चकतीवर पांढुरके ठिपके, जाळी किंवा धुके असेल तर ती वेगळी ठेवा. गोव्यातल्या डब्यांत अशा निम्म्या असल्या तरी नवल नाही.

सव्वापाच इंची फ्लॉपीचे कवच वरच्या कडेने ब्लेडने अलगद उघडा आणि चकती कडेला धरून बाहेर काढा. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा थेंब घालून मऊ बोटांनी धुवा, स्वच्छ पाण्यातून काढा, उभी धरून सावलीत वाळवा. उन्हात नाही. मग टाकाऊ फ्लॉपीच्या स्वच्छ कवचात ती चकती घालून वाचा. काही स्वस्त कंपन्यांच्या चकत्यांचा थर हात लावताच सुटतो. बोटांना रंग आला तर धुणे थांबवा आणि एकदाच वाचायचा प्रयत्न करा. साडेतीन इंचीची झाकणी सरकवून, मधले चाक फिरवत अल्कोहोलच्या काडीने दोन्ही बाजू पुसता येतात.

प्रत्येक संशयास्पद फ्लॉपीनंतर हेड पुन्हा पुसा. कंटाळवाणे आहे, पण करा. आणि वाचल्यावर लगेच प्रतिमा काढा, गेम नंतर खेळा. गेम इंटरनेटवर मिळतील. कोणी बेसिकमध्ये लिहिलेला देवस्थानचा हिशेब किंवा आजोबांची टाइप केलेली पत्रे दुसरीकडे कुठेही नाहीत.

पावसाळा आणि प्रवास

चालू झालेली ड्राइव्ह चालवत राहिली तर टिकते. मिरगापासून चवथीपर्यंत आठवड्यातून एकदा अर्धा तास यंत्र सुरू ठेवा, आतली ऊब ओल घालवते. फ्लॉप्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरा. कपाटात बल्ब लावून ठेवण्याची आपली जुनी रीत चांगली आहे, फक्त फ्लॉप्या बल्बपासून लांबच्या फळीवर हव्यात. यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती चादर बरी.

फोंड्याहून पणजीला कोणाला दाखवायला ड्राइव्ह न्यायची असेल तर सव्वापाच इंचीत जाड पुठ्ठ्याचा तुकडा किंवा टाकाऊ फ्लॉपी घालून दार बंद करा, म्हणजे खड्ड्यांत हेड आपटत नाही. साडेतीन इंचीत टाकाऊ फ्लॉपी पुरे. पोचल्यावर वीज देण्याआधी तो पुठ्ठा काढायला विसरू नका.